ग्यानोबा सरांनी निकाली काढलेली प्रकरणं

शाळेत मुलांना आपसातली भांडणं मारामारी करून मिटवू द्यावीत का, असं मला कुणी विचारलं असतं तर मी "नाही" म्हणालो असतो आणि विषय तिथंच संपला असता. पण मला कुणी विचारलं नाही. माझ्याकडे थेट खुलासा मागितला. तोही तीन दिवसांच्या आत, तीन प्रतींत आणि सोबत जबाबदार कर्मचाऱ्याचं नाव.

माझं नाव वीरभद्र शेटकार. नाव ऐकून लोकांचा फार गैरसमज होतो. पहिल्यांदा भेटणारा माणूस माझ्या मागे कुणी येतंय का ते बघतो. मी एकावन्न किलो वजनाचा मराठीचा शिक्षक आहे आणि मला मिशी शोभत नाही असा घरात एकमतानं ठराव झालेला आहे. जळकोटपासून चार किलोमीटरवर, उदगीरकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची शाळा आहे. पाचवी ते दहावी. आमचे मुख्याध्यापक गेल्या जूनमध्ये निवृत्त झाले आणि सेवाज्येष्ठतेनं खुर्ची माझ्याकडे आली. आली, पण सगळी आली नाही. मी 'प्रभारी' होतो. कायम मान्यतेचा प्रस्ताव लातूरला गेला होता आणि तो मंजूर होऊन येईपर्यंत त्या खुर्चीत बसायचं, पण टेकून बसायचं नाही, असा माझा मीच नियम केला होता.

प्रभारी झाल्याच्या दिवशी मी दोन गोष्टी केल्या. हिरव्या शाईचं पेन आणलं, आणि माणसांसारखं मराठी लिहिणं बंद केलं. सव्वीस वर्षं मुलांना 'सोपं लिहा, सरळ लिहा' सांगून मी कंटाळलो होतो. हिरव्या पेनात एक वेगळीच मराठी असते. ती आपोआप उतरते. तिच्यात कुणी काही करत नाही, सगळं 'करण्यात येतं'. आमच्या सौभाग्यवती मंजुश्री यांचं यावर वेगळं मत होतं. "अहो, तुम्ही किराण्याच्या यादीवर 'तूरडाळ दोन किलो सत्वर उपलब्ध करून द्यावी' असं लिवलं. दुकानदाराला वाटलं नोटीस आली. तो यादी घेऊन वकिलाकडं गेलाय. आज वरणाशिवाय जेवा." मी जेवलो. पदाची किंमत मोजावी लागते.

आता मूळ मुद्दा. आमच्या आठवीच्या वर्गात एक पंखा आहे. तो फिरतो, पण वारा बरोबर एकाच बाकाला लागतो. बाकीच्यांच्या वाट्याला नुसता आवाज येतो. त्या बाकावर कुणी बसायचं यावरून गोलू आणि शिवांश या दोन विद्यार्थ्यांमध्ये दिवाळीपासून वाद होता. ऐन डिसेंबरात, पंखा बंद असतानाही वाद चालूच होता. त्यावरून हा वाद वाऱ्याचा नसून तत्त्वाचा होता हे वाचकांच्या लक्षात येईल. मी दरवेळी दोघांना बोलावून घ्यायचो, एकमेकांना 'सॉरी' म्हणायला लावायचो, हातात हात द्यायला लावायचो आणि सोडून द्यायचो. यात एकूण दीड मिनिट जायचं. व्हरांड्यात गेल्यावर ते काय करायचे हे मला माहीत नव्हतं, कारण तोवर मी पुढच्या कागदाकडे वळलेलो असायचो.

फेब्रुवारीच्या शेवटी गोलूनं शिवांशचा सदरा खांद्यापासून खिशापर्यंत फाडला आणि शिवांशनं गोलूच्या डोक्यात कंपासपेटी मारली. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत शिवांशचे आजोबा, रेवणप्पा, माझ्यासमोर हजर. रेवणप्पांचं गावात आडत दुकान आहे. आमच्या लिंगायत समाजातले वडीलधारे आहेत आणि त्यांचा आवाज लिलावात घडलेला आहे.

"शरणार्थ, सर."

"शरणार्थ, अप्पा. बसा."

ते बसले नाहीत. त्यांनी कॅरीबॅगेतून तो सदरा काढला आणि माझ्या टेबलावर, हजेरीपटावर पसरला. "बटनं मोजा," म्हणाले. मी मोजली. दोन कमी होती. "आमच्या घरातलं लेकरू बिनबटनाचं आलं. म्या तोंडी आईकणार न्हाई. मला कागदावर काय ते पायजे." आणि त्यांनी तक्रारीचा अर्ज पुढं केला.

मुख्याध्यापकाच्या आयुष्यात असे क्षण रोज येत नाहीत. मी हिरवं पेन उघडलं आणि अर्जाच्या समासात शेरा मारला: 'क्रीडा शिक्षक यांनी उभय विद्यार्थ्यांचे सदर प्रकरण आजच निकाली काढून अहवाल सादर करावा.' मी तो दोनदा वाचला. सदर, सादर. काय वजन होतं त्याला! रेवणप्पांनाही पसंत पडला असावा, कारण त्यांनी सदरा घडी करून परत घेतला. मी अर्ज भीमा शिपायाच्या हाती क्रीडा शिक्षकांकडे धाडला आणि सदर प्रकरण माझ्या डोक्यातून गेलं.

क्रीडा शिक्षक म्हणजे ग्यानोबा मुसळे. मूळचे हदगावकडचे. उजवा कान मोडलेला, मान जवळपास नाही, बोलणं कमी. तरुणपणी माळेगावच्या यात्रेत त्यांनी कुस्त्या मारलेल्या आहेत, आणि त्यांनी जन्मात मन लावून काही वाचलं असेल तर ती कुस्त्यांच्या फडाची हँडबिलं. त्या हँडबिलांच्या तळाला ठळक अक्षरांत एक ओळ असते: 'सर्व कुस्त्या निकाली होतील.' म्हणजे बरोबरीत सोडवणार नाही, कुणाची तरी पाठ मातीला लागल्याशिवाय पंच हात वर करणार नाही. कचेरीत निकाली म्हणजे फाइल बंद. फडात निकाली म्हणजे माणूस चीत. सव्वीस वर्षं भाषा शिकवलेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं, असं आता मागं वळून बघताना वाटतं. तेव्हा मागं वळायला वेळ नव्हता.

दुपारी अहवाल आला. आज तो मला पाठ आहे. 'आदेशाप्रमाणे दोघांना चौथ्या तासाला लांब उडीच्या खड्ड्यात उतरवले. माती खणून भुसभुशीत केली, खिचडीच्या भांडारातली हळद टाकली. नखे काढली. अकराव्या मिनिटाला गोलूने शिवांशला चीत केले. प्रकरण निकाली. जखम नाही. दोघांना गूळ-शेंगदाणे दिले.' या अहवालावर मी हिरव्या शाईत लिहिलं, 'पाहिले. फायलीस लावावे.' आणि सही केली. कार्यालयीन कामकाजात 'पाहिले' या शब्दाचा अर्थ 'पाहिले नाही' असा होतो, हे ज्यांनी नोकरी केली त्यांना सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मी आठवीवरून जाताना बघितलं तर गोलू आणि शिवांश त्या एकाच बाकावर, पंख्याखाली, एका डब्यातून धपाटे खात बसलेले. मी दारातच थांबलो. मग शिक्षक खोलीत जाऊन 'संवादातून शिस्त' या विषयावर वीस मिनिटं बोललो. माझ्या एका शेऱ्यानं चार महिन्यांचं वैर संपलं होतं. ग्यानोबा सर कोपऱ्यात चहा पीत होते. ते मान हलवून "हाव सर" म्हणाले. त्यांना नाही म्हणायचं काहीच कारण नव्हतं.

आणि मग अर्ज येऊ लागले. मुलांचे. वहीच्या पानावर, समास आखून, व्यवस्थित मायना घालून. 'माननीय मुख्याध्यापक साहेब, विषय: लोणच्याची फोड पळवल्याबाबत. तरी सदर प्रकरण निकाली काढावे ही नम्र विनंती.' मला गहिवरून आलं. पाचवीपासून दहावीपर्यंत अर्जलेखन शिकवून माझे केस गेले. परीक्षेत आजही मुलं मुख्याध्यापकाला 'प्रिय मित्रास' लिहितात. आणि इथं न सांगता 'सदर'! सातवीच्या दोन मुलींचा अर्ज तर इतका नेटका होता की मी तो शिक्षक खोलीत वाचून दाखवला. पंधरवड्यात दहा अर्ज आले. मी सगळ्यांवर तोच शेरा मारला आणि सगळे ग्यानोबा सरांकडे धाडले. सगळे अहवाल आले. मी सगळे 'पाहिले'. पहिला धरून अकरा.

मार्चमधल्या एका गुरुवारी पाचव्या तासाला मी दहावीला समास शिकवत होतो. द्वंद्व समासापाशी आलो आणि मैदानातून हलगीचा आवाज आला. मला वाटलं रस्त्यानं वरात चाललीय. पण वरात पुढं सरकते. ही एकाच जागी होती. मी खिडकीतून बघितलं तर लांब उडीच्या खड्ड्याभोवती अख्खी शाळा गोल बसलेली. कुंपणावर शेजारच्या रानातली माणसं. खिचडी करणाऱ्या गुणाबाई कढई तशीच ठेवून, हातात उलथणं घेऊन सगळ्यांच्या पुढं. आणि मध्ये ग्यानोबा सर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, वाकून दोन पोरांच्या पाठी आणि माती यांच्यामधलं अंतर बघत होते.

मी धावलो. पळताना चप्पल तुटली, ती हातात घेतली, आणि तशी हातात चप्पल घेऊन मी गोलात शिरलो. माझा आवेश बघून टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "सरांचीबी लावा जोड!"

"मुसळे सर, हे काय करून राहिलात?"

"निकाली काढून राहिलो, सर."

"काय?"

त्यांनी पोरांना थांबवलं, दोघांची मान जागेवर असल्याची खात्री केली, मग खिशातून कागदांची घडी काढली. अकरा अर्ज. अकरांवर माझा हिरवा शेरा. "तुमचाच हुकूम हाय की. ह्ये बघा, 'निकाली काढून.' म्या एकबी बरोबरीत सोडवली न्हाई. ह्यो आजचा बारावा. ह्येचा अर्ज तुमच्या टेबलावर हाय, सहीचा राहिलाय. म्हनलं सर सही करतेतच."

माझ्या डोळ्यांसमोर लातूर आलं. लातूरच्या कार्यालयातलं टेबल आलं, टेबलावरचा माझा प्रस्ताव आला. "अहो, कुस्ती नव्हतं म्हणायचं मला! मिटवा म्हणायचं होतं!"

"मंग 'मिटवा' लिवायचं, सर," ग्यानोबा सर म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यामुळे ते जास्त लागलं.

कुंपणावरच्या कुणीतरी काढलेली माझी चप्पल हातात घेतलेली चित्रफीत संध्याकाळपर्यंत जळकोट, उदगीर आणि देगलूरपर्यंत पोचली होती. देगलूरला माझी मेहुणी असते. तिनं फोन करून मंजुश्रीला विचारलं, "भावजी कुणाला मारायलेत?"

सकाळी रेवणप्पा आले. आपल्या नातवाला शाळेनं खड्ड्यात उतरवलं हे त्यांना आता कळलं होतं. मी हात जोडायच्या तयारीत उभा राहिलो. पण त्यांची तक्रार वेगळीच होती.

"सर, आमचा शिवांश पडला म्हनतेत. म्या पोरांकडून आईकलं. एकच खांदा टेकला व्हता. इल्ला, न्हाई! ही कुस्ती निकाली झालीच न्हाई. पुन्यांदा लावा."

"अप्पा, अहो तुम्हीच तक्रार केली होती ना, मारामारीची?"

"ती मारामारी व्हती. ही हार हाय. दोन येगळ्या गोष्टी हायत."

मी स्पष्ट नकार दिला. रेवणप्पा तडक विस्तार अधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी फक्त पंचाच्या निर्णयाविरुद्ध दाद मागितली होती म्हणतात, पण त्या अर्जातून कार्यालयाला शाळेत काय चाललंय ते कळलं. सोमवारी खुलाशाचं पत्र आलं. 'विद्यार्थ्यांना आपसातील वाद शारीरिक बळाने मिटवण्याची परवानगी कोणत्या शासन निर्णयान्वये देण्यात आली, याचा खुलासा सादर करावा. जबाबदार कर्मचाऱ्याचे नाव कळवावे, म्हणजे त्यांच्यावर कारवाई प्रस्तावित करता येईल.' खालच्या ओळीत, माझ्या मान्यतेचा प्रस्ताव हा खुलासा येईपर्यंत थांबवल्याचं कळवलं होतं.

आमच्या शेजारी संगप्पा काका राहतात. निवृत्त तलाठी. त्यांना कुंपणावरून कागद वाचता येतो. "नाव मागितलंय ना? मग नाव द्या की. तुमचंच द्या असं कुठं लिवलंय?" पत्राची घडी करून त्यांनी मला परत दिली. "मुसळ्यानं चूक वाचलं, झालं. खोटं बोलायचं नाही काही. खरं तेवढंच बोलायचं, पण त्याच्या बाजूचं." माझे शाळेतले सहकारीही तेच म्हणाले, फक्त हळू आवाजात. ग्यानोबा सरांच्या निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. या वयात चौकशी लागली तर ती निवृत्तीच्या पलीकडे जाते आणि पेन्शन तिच्या मागून चालत राहते, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच आवाज हळू होता.

मी खुलासा लिहिला. 'सदर क्रीडा शिक्षकाने कार्यालयीन आदेशाचा विपर्यस्त अर्थ लावून...' अशी सुरुवात होती. एकंदर अकरा ओळी. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. मंजुश्रीला वाचून दाखवला. तिनं तो ऐकला आणि विचारलं, "मुसळे सरांनी तुम्हाला अकरा वेळा लिवून कळवलं, ते कुठं आलं यात?" मी म्हणालो, ते तांत्रिक आहे. ती उठून कपडे वाळत घालायला गेली. मला खुलाशाचा अभिमान वाटत होता, आणि जेवण जात नव्हतं.

बुधवारी चौकशीला दीपमाला मॅडम आल्या. शिक्षण विस्तार अधिकारी. वयानं माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. आल्या आणि माझ्या खुर्चीत टेकून बसल्या. समोर मी, ग्यानोबा सर, आणि न बोलावता आलेले रेवणप्पा. त्यांनी मोबाईलवर काढलेला खड्ड्याचा फोटो आणला होता आणि खांदा कुठं टेकला ते त्यावर बोटानं दाखवत होते.

मॅडमनी ग्यानोबा सरांना विचारलं, "तुम्ही शिक्षक आहात. मुलांना एकमेकांवर सोडावं असं तुम्हाला वाटलं तरी कसं?"

"मॅडम, मारामारी आन कुस्ती येगळी असती," ग्यानोबा सर उभे राहून म्हणाले. "मारामारीत कोन जितलं ते कुणालाच कळत न्हाई. म्हनून दुसऱ्या दिशी पुन्यांदा व्हते. कुस्ती एकदा झाली की झाली."

"आणि एखाद्याची मान मोडली असती म्हणजे? पडलेल्या मुलाला सगळी शाळा हसली असती म्हणजे? एखादा दुबळा असेल आणि बरोबरही तोच असेल, तर त्यानं काय करायचं होतं?"

"हाव मॅडम," ग्यानोबा सर म्हणाले. "ते खरं हाय. दर खेपेला माझा जीव पोरांच्या मानेपाशीच असायचा. दुबळ्याचं मातर माझ्या ध्यानात आलं न्हाई. चूक माझी हाय. सरांचा शब्द मला कळला न्हाई. सरांकडं काय न्हाई."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? क्षणभर फार बरं वाटलं. खिशातला खुलासा आता काढावा लागणार नव्हता, त्यांनी तो स्वतःच तोंडी दिला होता.

मग मॅडमनी मुलांना बोलावलं. गोलू आणि शिवांश एकमेकांना कोपरानं ढकलत आत आले. मॅडमनी विचारलं, कुस्ती लावल्यावर भांडण थांबलं, मग आधी सरांनी इतक्यांदा समजावलं तेव्हा का थांबलं नाही?

"सर सॉरी म्हणायला लावायचे," शिवांश म्हणाला. "का भांडलो ते कधी विचारलं न्हाई."

"आणि मुसळे सरांनी?" मॅडमनी विचारलं.

गोलूनं ग्यानोबा सरांकडं बघितलं. "त्यांनी पयले खड्ड्याच्या काठावर बसवलं. कुणाचं काय म्हननं हाय ते सांगा म्हनले. लई येळ आईकलं. कुस्ती तर नंतर झाली." मग त्यानं भर घातली, "आईकून झाल्यावर आमाला कुस्ती खेळायचीच नव्हती. पण सर म्हनले, हेडसरांचा हुकूम हाय."

रेवणप्पांनी मोबाईल खाली ठेवला. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. सव्वीस वर्षांत कुणी मला इतकं उघडं पाडलं नव्हतं, आणि ते पोरगं तर माझी तक्रारही करत नव्हतं.

"सर, तुमचा खुलासा?" मॅडम म्हणाल्या.

मी कोरा कागद मागितला. भीमानं दिला. हिरवं पेन खिशात होतं, ते राहू दिलं आणि गोलूचं निळं पेन घेतलं. त्याचं टोपण चावलेलं होतं. मी लिहिलं: 'आदेश मी दिला. मुसळे सरांनी तो पाळला. काय केलं ते त्यांनी दरवेळी मला लिहून कळवलं. मी एकदाही वाचलं नाही आणि वाचल्याची सही केली. जबाबदार कर्मचारी: वीरभद्र शेटकार.'

मॅडमनी वाचलं. "सर, भाषा थोडी कार्यालयीन करता का? आणि हे असं गेलं तर तुमच्या प्रस्तावाचं काय होईल, कल्पना आहे ना?"

"आहे," मी म्हणालो. "भाषा राहू द्या."

"सर, ह्ये तुमी काय करून राहिले?" ग्यानोबा सर कळवळून म्हणाले. मी गोलूच्या पेनाला टोपण लावत बसलो. उत्तर दिलं असतं तर मला रडू आलं असतं, आणि रेवणप्पांनी मोबाईल पुन्हा उचलला होता.

एप्रिलमध्ये दोन पत्रं आली. पहिल्यात, शाळेत कोणत्याही नावाखाली, कोणत्याही मातीत, मुलांची भांडणं अंगाशी अंग लावून मिटवता येणार नाहीत, असं बजावलं होतं. खड्डा फक्त लांब उडीसाठी वापरावा. दुसऱ्या पत्रात माझी मान्यता तूर्त विचारात घेता येत नसल्याचं आणि प्रभार सेवाज्येष्ठतेनुसार पुढील शिक्षकाकडे देण्याचं कळवलं होतं. सेवाज्येष्ठतेच्या यादीत माझ्या खाली ग्यानोबा सर होते. शिवाय माझ्या खुलाशाच्या आधारे कार्यालयानं त्यांना 'दोष नाही' असं लेखी दिलेलं. दोष बाकी शिक्षकांतही नव्हता, पण लेखी फक्त त्यांच्याकडे होतं.

अशा रीतीनं मी पुन्हा मराठीचा शिक्षक झालो आणि ग्यानोबा सर मुख्याध्यापक. मला याचं वाईट वाटलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत होतो. मंजुश्रीनं रात्रीच्या जेवणात शेंगदाण्याची चटणी जास्त वाढली तेव्हा तिलाही सांगितलं. फक्त ग्यानोबा सरांना सांगितलं नाही, कारण त्यांच्याशी मी बोलतच नव्हतो. ते समोरून आले की मी फळ्यावर काहीतरी लिहायला वळायचो. व्हरांड्यात फळा नसला तरी वळायचो. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी मधल्या सुटीत भीमा आला. "हेडसरांनी बलावलंय." मी गेलो. ग्यानोबा सर खुर्चीत नव्हते. त्यांनी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या खिडकीपाशी समोरासमोर मांडल्या होत्या आणि एकीत बसले होते.

"बसा सर. माझ्याबद्दल तुमच्या पोटात काय काय हाय ते सांगा. म्या मधी बोलनार न्हाई."

मी म्हणालो, तसं काही नाही. ते गप्प बसले. मी म्हणालो, खरंच तसं काही नाही. ते तसेच गप्प. मग मी सुरुवात केली. खुर्चीपासून केली. सव्वीस वर्षं मी त्या खुर्चीची वाट बघितली आणि ती मला नऊ महिने, तीही अर्धी मिळाली हे बोललो. चपलेची चित्रफीत, मेहुणी, लातूरचे हेलपाटे बोललो. तुम्ही अंगावर घेत होतात ते मी तुम्हाला घेऊ द्यायला हवं होतं, कशाला मधे पडलो असं रोज सकाळी वाटतं, आणि असं वाटतं म्हणून स्वतःची लाज वाटते, हेही बोललो. सुटी संपल्याची घंटा झाली. ते हलले नाहीत. भीमा सहीचे कागद घेऊन आला, त्याला त्यांनी बोटानंच बाहेर काढलं. माझं इतकं सलग, मधे न तोडता, कुणी ऐकून घेतलं नव्हतं. मलाही माहीत नव्हतं माझ्याकडे इतकं आहे.

शेवटी माझा घसा बसला. "बस," मी म्हणालो. "एवढंच."

"झालं?"

"झालं. हलकं वाटतंय." मी उठू लागलो. "निघतो मी. सहावीला तास आहे माझा."

"सहावीला गुणाबाईला बसवलंय," ग्यानोबा सर म्हणाले. त्यांनी खुर्ची थोडी पुढं ओढली. "सर, म्या शाळंत आल्यापासून यादीत तुमच्या खाली हाय. एकवीस वर्षं. आता माझं आईका."

मी घड्याळ बघितलं. मग ते मनगटावरून काढलं, खिडकीत पालथं ठेवलं आणि परत खाली बसलो.